फोल्डर लिहिता येतो

लासलगावच्या बाजार समितीत दिवसाचा कांदा लिलाव उरकला की मागे राहतात ते आकडे: आवक किती क्विंटल, दर किमान किती, कमाल किती, सरासरी किती. लाल कांद्याचे वेगळे, उन्हाळ कांद्याचे वेगळे. मुख्य आवाराचे वेगळे, विंचूर आणि निफाडच्या उपबाजारांचे वेगळे. १९४७ साली स्थापन झालेल्या या समितीचा भाव बघून निफाड-येवल्याकडचा शेतकरी ट्रॅक्टर जोडायचा की चाळीतला माल आणखी थोडे दिवस ठेवायचा हे ठरवतो, आणि दूरच्या शहरांतले व्यापारीही याच आकड्यांवर नजर ठेवून असतात. आकडे त्याच दिवशी मोबाइलवर फिरतात, केंद्र सरकारने २००० साली सुरू केलेल्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावरही चढतात. तिथे लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशा तीन स्वतंत्र नोंदी दिसतात.

या आकड्यांचे मोल कळते ते मागे वळून पाहताना. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य लागू झाले. त्या सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेले. यातल्या प्रत्येक तारखेच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी ठेवून पाहिला, तर दिल्लीतला निर्णय शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर कसा उतरला ते दिसते. पत्रकाराला हे हवे असते, शेतकरी उत्पादक कंपनीच्या सचिवाला हवे असते, कृषी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर हवेच असते.

त्यासाठी आधी फायली सापडायला हव्यात. समजा, अशा एखाद्या अभ्यासकाने लिलावाच्या प्रत्येक दिवसाची एक फाइल जपून ठेवली आहे. काही फायलींची नावे दिवस-महिना-वर्ष या क्रमाने आहेत, काहींची ‘४ मे भाव’ अशी आहेत, काही ‘नवीन भाव फायनल’ आणि ‘नवीन भाव फायनल २’. दोन-तीन वर्षांत अशा हजारभर फायली साठतात. नावाच्या क्रमाने यादी लावली की १ जानेवारी २०२३ ला चिकटून १ जानेवारी २०२४ येते, त्याखाली दोन्ही वर्षांचा १ फेब्रुवारी. निर्यातबंदीचा ८ डिसेंबर सगळ्या महिन्यांच्या आठ तारखांच्या गर्दीत जाऊन बसतो. नावे बदलायला हवीत हे कोणालाही कळते. पण माउसने एक फाइल निवडायची, नाव खोडायचे, नवे टंकायचे, मग पुढची फाइल. हजार वेळा हे कोण करणार? म्हणून कोणी करत नाही, आणि मेहनतीने जमवलेली नोंद वापराविना पडून राहते.

या अडचणीवरचा एक उपाय पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, आणि माझ्या मते आजही त्याच्या तोडीचे फार थोडे आहे. फोल्डरमधल्या फायलींची यादी हा शेवटी मजकूरच आहे. मग तो मजकूर संपादकात का उघडू नये?

१९७४ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत स्टॅन कुगेल याने ‘डायरेड’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. फोल्डरची यादी पडद्यावर आणायची, तीत वर-खाली फिरायचे आणि ज्या ओळीवर आहोत त्या फाइलवर काम करायचे, एवढीच कल्पना. १९७६ पासून एमआयटीच्या प्रयोगशाळेत ‘ईमॅक्स’ हा मजकूर-संपादक घडत गेला, आणि रिचर्ड स्टॉलमनने १९८५ साली त्याची ग्नू ईमॅक्स ही मुक्त आवृत्ती सर्वांना खुली केली. तीत सुरुवातीपासून डायरेड होती. ईमॅक्स फुकट मिळतो, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्याला ही बाब लहान नाही.

डायरेड उघडली की काय दिसते? कंट्रोल-एक्स दाबून मग डी दाबायचे आणि फोल्डरचे नाव द्यायचे. पडद्यावर दर ओळीला एक फाइल येते: डावीकडे वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्यांची अक्षरे, मग मालक, आकार, शेवटच्या बदलाची तारीख, आणि शेवटी नाव. चित्रे नाहीत, पिवळी पाकिटे नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे रुक्ष वाटते. डावीकडचा तपशील नको असेल तर तो एका कळीने दडवता येतो आणि नुसती नावे उरतात. एम दाबले की ओळीच्या सुरुवातीला चांदणी उमटते, म्हणजे त्या फाइलवर खूण झाली. यू दाबले की खूण पुसली जाते. टीने खुणा उलटतात: होत्या त्या जातात, नव्हत्या तिथे येतात. खूण केलेल्या सगळ्या फायलींना मोठा आर नव्या जागी हलवतो, मोठा सी त्यांच्या प्रती काढतो, मोठा ए त्यांच्या आतला मजकूर धुंडाळतो. ‘उन्हाळ’ हा शब्द कोणकोणत्या दिवसांच्या फायलींत आहे हे एका आज्ञेत समोर येते.

पुसण्याची रीत मुद्दाम दोन टप्प्यांची ठेवली आहे, आणि लासलगावच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. आवारात बोली तुटली म्हणजे सौदा ठरला, पण ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन काटा होईपर्यंत माल शेतकऱ्याचाच. डायरेडमध्ये डी दाबले की ओळीपुढे डी हे अक्षर लागते, फाइल जागची हलत नाही. अशा कितीही फायलींना डी लावा, पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवा, चुकून लागलेला डी काढा. मग एक्स दाबा. त्यावरही संगणक यादी दाखवून विचारतो आणि ‘हो’ म्हटल्यावरच पुसतो. आधी खुणा, मग पाहणी, मग कृती. हजार फायलींवर हात टाकायचा असेल तर मधला टप्पा हवाच.

एकेक ओळीवर जाऊन खुणा करायच्या नसतील तर नमुना देता येतो. टक्केचिन्ह आणि त्यामागून एम दाबून ‘विंचूर’ लिहिले की नावात विंचूर असलेल्या सगळ्या फायलींना चांदणी लागते. ॲगमार्कनेटच्या धर्तीवर ‘लासलगाव (विंचूर)’ अशी कंस आणि मोकळी जागा असलेली नावे दिली असतील, तर साध्या आज्ञा-ओळीवर ती नेहमी अडतात, कारण कंस आणि जागा यांना तिथे वेगळा अर्थ आहे. डायरेडमधून आज्ञा दिली की अशा नावांना लागणारे अवतरण ती आपणहून लावते.

आता मुख्य गोष्ट. २००७ साली आलेल्या ईमॅक्सच्या बाविसाव्या आवृत्तीत डायरेडला एक जोड मिळाली: लिहिता येणारी डायरेड, ‘डब्ल्यूडायरेड’. यादी समोर असताना कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-क्यू दाबले की ती यादी साध्या मजकुरासारखी खुली होते. नावांवर जाऊन खोडा, लिहा, चिकटवा. पत्र किंवा लेख लिहिताना संपादकाची जी साधने हाताशी असतात ती सगळी इथेही चालतात: शोधा-बदला, उभा पट्टा कापणे, एकदा केलेली कृती नोंदवून पन्नास ओळींवर पुन्हा चालवणे. मनासारखे झाले की कंट्रोल-सी दोनदा दाबायचे, आणि मजकुरात केलेले बदल खऱ्या फायलींवर उतरतात. बिनसले असेल तर कंट्रोल-सी आणि कंट्रोल-के: काहीच झाले नव्हते असे होते.

आपल्या भावांच्या फोल्डरवर हे करून पाहू. शोधा-बदलाला नमुना द्यायचा: दोन अंक, आडवी रेघ, दोन अंक, आडवी रेघ, चार अंक. या तीन तुकड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे गट म्हणायचे, आणि बदली म्हणून तिसरा, दुसरा, पहिला असा क्रम द्यायचा. ‘०८-१२-२०२३’ चे ‘२०२३-१२-०८’ होते, आणि तसेच त्या साच्यात बसणाऱ्या प्रत्येक नावाचे. फायली दहा असोत की हजार, टंकण्याचे श्रम तेवढेच. आता नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच झाला. वर्ष-महिना-दिवस ही मांडणी आंतरराष्ट्रीय प्रमाणातही स्वीकारली आहे. ‘४ मे भाव’ सारखी नावे मात्र या साच्यात बसत नाहीत. ती हातानेच दुरुस्त करावी लागतात, पण तीही त्याच पानावर, एका खाली एक, लेखातल्या ओळी सुधाराव्यात तशी.

याच पानावर फायलींची जागाही बदलता येते. नावाच्या आधी ‘२०२३’ आणि तिरकी रेघ लिहिली की ती फाइल २०२३ नावाच्या उपफोल्डरमध्ये जाते, आणि तो उपफोल्डर नसेल तर तयारही होतो. दोन फायलींची नावे आपसात बदलायची असतील तरी चालते. लाल कांद्याच्या आकड्यांना उन्हाळचे नाव आणि उन्हाळच्या आकड्यांना लालचे नाव पडले असेल, तर एरवी एकीला तात्पुरते तिसरे नाव द्यावे लागते, नाहीतर दुसरी तिच्यावर चढून बसते. डब्ल्यूडायरेड अशी अदलाबदल ओळखते आणि तात्पुरत्या नावाची मधली पायरी स्वतः सांभाळते.

मूळ डायरेड इतकी समर्थ असली तरी दिसायला एकसुरी आहे आणि काही बाबतीत तोकडी. ही उणीव भरून काढणारी सर्वांत भरघोस जोड म्हणजे ड्रू ॲडम्स यांनी १९९९ पासून वाढवत आणलेली ‘डायरेड प्लस’. एका माणसाने इतकी वर्षे निगा राखलेली, एकाच फाइलमध्ये मावणारी ही जोड पाहिली की मुक्त सॉफ्टवेअर कशावर उभे आहे ते समजते. तिने पहिले काम केले ते रंगांचे. परवानग्या, आकार, तारीख, नाव, फाइलचा प्रकार, प्रत्येकाला वेगळा रंग आल्याने डोळा यादीत पटकन वाट काढतो. पडद्याच्या तळाच्या पट्टीत किती फायलींवर खुणा आहेत हे आकड्यात दिसते. लांबलचक यादीत खुणा नजरेआड जातात, त्यामुळे ‘आपण नक्की कितींवर हात टाकतो आहोत’ हे कळणे मोठ्या कामाचे आहे. माउसचे उजवे बटण दाबले की त्या फाइलपुरत्या आज्ञांचा तक्ता उघडतो, तेव्हा कळा पाठ नसलेल्या नव्या माणसाचेही अडत नाही.

पण डायरेड प्लसचा खरा उपयोग उपफोल्डरांच्या बाबतीत आहे. भावांच्या फायली वर्षवार ठेवल्या, प्रत्येक वर्षात लासलगाव, विंचूर आणि निफाड असे तीन कप्पे केले, की मूळ डायरेडमध्ये सहसा एकेका कप्प्यात उतरून काम करावे लागते. डायरेड प्लसच्या आज्ञा खूण केलेल्या उपफोल्डरांत उतरतात, त्यांच्याही पोटातल्या फोल्डरांत उतरतात, आणि तिथल्या खुणांवरही तेच काम करतात. शिवाय वेगवेगळ्या ठिकाणच्या फायली उचलून त्यांची एकच यादी सहज करता येते. निर्यातबंदीच्या आगेमागेच्या पंधरवड्याच्या तिन्ही आवारांच्या फायली एका पानावर आल्या, त्या पानाला नाव देऊन खूणगाठ बांधून ठेवली, की फायली आपापल्या जागी राहतात आणि अभ्यासाचा संच वेगळा हाती राहतो. नोंदी ठेवणे आणि नोंदींतून काही विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी फायलींची हलवाहलव करावी लागू नये. ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते.

इतर जोडांपैकी मातुश गोल्येरच्या ‘डायरेड हॅक्स’ या संचात टंकता-टंकता यादी आकसत नेण्याची सोय आहे, आणि ‘डर्विश’ ही नवी जोड फाइल न उघडता तिची झलक शेजारी दाखवते. विम या दुसऱ्या जुन्या संपादकाच्या गोतावळ्यातही हा विचार आहे. त्याच्यासोबत ‘नेटआरडब्ल्यू’ ही फोल्डरची यादी दाखवणारी जोड येते. ‘नर्डट्री’ डाव्या बाजूला फोल्डरांचे झाड दाखवते आणि अनेकांना तेच आवडते. पण झाड पाहायला चांगले, काम करायला यादी बरी. निओविम या विमच्या नव्या रूपासाठीच्या ‘ऑइल’ने यादी खुली करून लिहिण्याचीच कल्पना उचलली आणि ती तरुण प्रोग्रॅमरांत लोकप्रियही झाली.

मराठीत फायलींना नावे देणाऱ्याने यापुढचे नीट वाचावे, कारण हे इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन लागतात. म्हणजे मराठी नावात जास्तीत जास्त ८५ संकेत मावतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र संकेत आहेत, त्यामुळे ‘लासलगाव’ हे पाच अक्षरांचे नाव सात संकेतांचे, २१ बाइट्सचे होते. विंडोज मात्र बाइट्स न मोजता संकेत मोजते. तिथे सुखाने ठेवलेले ‘शेतकरी उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेचा इतिवृत्तान्त’ अशा वळणाचे लांब नाव आणखी बरेच वाढले की लिनक्सच्या यंत्रावर उतरायला नकार देते.

त्याहून अवघड प्रश्न ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातच आहे. रफार न होणारा, ‘ऱ्या’ मधला र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत: नुक्ता असलेला ऱ, हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत, मग य. युनिकोडने पहिली रीत मुख्य मानली असून जुन्या मजकुरासाठी दुसरीही मान्य केली आहे. कोणता कळफलक कोणती रीत वापरतो ते वापरणाऱ्याला कळतही नाही. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पण पहिल्या रीतीने ‘शेतकऱ्यांची’ या शब्दाचे ३३ बाइट्स होतात, दुसऱ्या रीतीने ३६. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी नावे आहेत. एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फायली शेजारी-शेजारी राहू शकतात, आणि शोध घेतला तर एकच सापडते. मॅकच्या जुन्या फाइल-पद्धतीत ऱ सुटा करून, साधा र आणि वेगळा नुक्ता असा साठवला जातो, म्हणजे तिसरा प्रकार. खातेदारांच्या याद्या, सभासदांच्या याद्या, सगळीकडे हा शब्द येतो. त्यामुळे ही बाब किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

डायरेडमध्ये यावर इलाज आहे, कारण यादी मजकूर आहे. संशयित अक्षरावर जाऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह दाबले की त्या अक्षरात कोणते संकेत दडले आहेत ते ईमॅक्स उलगडून दाखवतो. मग यादी खुली करून दुसऱ्या रीतीचा सगळा ऱ्य एका शोधा-बदलात पहिल्या रीतीचा करून टाकायचा. अंकांचेही असेच आहे. काही नावांत देवनागरी अंक आणि काहींत इंग्रजी असतील, तर संकेतांच्या क्रमाने लावताना इंग्रजी अंकांची नावे आधी आणि देवनागरीची नंतर येतात, एकच महिना दोन ठिकाणी विभागला जातो. शिवाय नमुन्यात ‘कोणताही अंक’ म्हटले की ईमॅक्स इंग्रजी अंकच धरतो. देवनागरीसाठी ०-९ असा पल्ला वेगळा लिहावा लागतो. फाइलच्या आत देवनागरी अंक अवश्य ठेवावेत, फाइलच्या नावातल्या तारखेला मात्र एकच पद्धत हवी, आणि ती इंग्रजी असलेली सोयीची पडते. देवनागरी जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसावीत यासाठी ईमॅक्सची सत्ताविसावी किंवा तिच्या नंतरची आवृत्ती घ्यावी. २०२० साली आलेल्या त्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीचे काम ‘हार्फबझ’ या चांगल्या यंत्रणेकडे गेले आहे. मराठी टंकण्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. इन्स्क्रिप्ट आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धती आतच आहेत.

एक धोका सांगायला हवा. डायरेडमधून पुसलेली फाइल मुळात कचरापेटीत जात नाही, थेट जाते. पुसलेले कचरापेटीत टाकण्याची एक निवड ईमॅक्सच्या मांडणीत आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. आणि डब्ल्यूडायरेडने फायलींवर उतरवलेले बदल एका कळीने मागे घेता येत नाहीत, म्हणून शेवटचे कंट्रोल-सी दाबण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत वाचावी.

तुमच्याकडे बाजारभावांच्या, सोसायटीच्या ठरावांच्या, शाळेच्या हजेरीच्या किंवा पावसाच्या नोंदींच्या फायली साठल्या असतील, तर मूळ फोल्डरला हात न लावता त्याची एक प्रत काढा. त्या प्रतीत पंचवीस-तीस फायली ठेवा, बाकीच्या काढा. डायरेड उघडा, यादी खुली करा, तारखांचा क्रम वर्ष-महिना-दिवस असा लावून पाहा. जमले की मूळ फोल्डरवर करा, आणि पुढच्या दिवसाच्या फाइलला पहिल्यापासूनच तसे नाव द्या.